दाढेतली अक्षरं: नामशेष सस्तन प्राण्यांची प्रथिनं वाचून त्यांचं नातं कसं शोधायचं

ड्रिलला आत्ताच हात लावू नका. आमच्या प्रयोगशाळेत नवीन आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी दाढ कापायची असते, आणि गेली अकरा वर्षं मी प्रत्येकाला हेच सांगत आलेय. दाढ एकदाच कापता येते. बाकी सगळं पुन्हा करता येतं.

आधी एका वाक्यात प्रश्न लिहा. ‘हा प्राणी कोण?’ आणि ‘हा प्राणी कोणाचा कोण?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याला हाडाचा चिमूटभर चुरा पुरतो. दुसऱ्याला प्रथिनातल्या अमिनो आम्लांचा क्रम अक्षर अक्षर लावून वाचावा लागतो, आणि त्यात महिने जातात. मी लिहितेय ते मुख्यतः दुसऱ्याबद्दल.

दुसऱ्या प्रश्नाचं माझं आवडतं उदाहरण टॉक्सोडॉन या दक्षिण अमेरिकेतल्या नामशेष सस्तन प्राण्याचं. १८३३ मध्ये उरुग्वेत डार्विनने त्याची कवटी १८ पेन्सला विकत घेतली. तोवर पोरांनी दगड मारून तिचे काही दात पाडले होते. त्यानंतर जवळपास पावणेदोनशे वर्षं हा प्राणी आणि त्याच्यासारखाच विचित्र मॅक्राउकेनिया नेमके कोणाचे सोयरे, यावर वाद चालू होता. शरीररचना बघून कुणी हत्तीकडे नेई, कुणी आणखी कुठे. हाडांतून डीएनए काही मिळेना. २०१५ मध्ये त्यांच्या कोलॅजेनचा, म्हणजे हाडातल्या मुख्य प्रथिनाचा, क्रम वाचला गेला आणि दोघंही घोडा-गेंडा-टॅपिर या गटाच्या शेजारी जाऊन बसले. दोन वर्षांनी मॅक्राउकेनियाचा मायटोकाँड्रियाचा डीएनए हाती लागला, त्यानेही तेच सांगितलं.

डीएनए मिळत असेल तर डीएनएच वापरा, उगाच हौस करू नका. त्यात माहिती कितीतरी पट जास्त असते. पण दाताहाडांतून मिळालेला सर्वांत जुना डीएनए सायबेरियाच्या गोठलेल्या जमिनीतल्या मॅमथच्या दाढांचा, आणि तो दहा लाख वर्षांच्या थोडा पलीकडचा. ऊबदार जागी तो फार लवकर संपतो. प्रथिनं जास्त चिवट. जॉर्जियातल्या दमानिसीच्या १७.७ लाख वर्षं जुन्या स्टेफानोरायनस गेंड्याच्या इनॅमलमधून, म्हणजे दातावरच्या पांढऱ्या टणक कवचातून, ती निघाली (२०१९). दक्षिण चीनच्या दमट हवेतल्या चुइफेंग गुहेतल्या १९ लाख वर्षं जुन्या जायगँटोपिथेकसच्या दाढेतून निघाली, आणि तो महाकाय वानर ओरांगउटानचा जवळचा नातेवाईक ठरला. २०२५ मध्ये तर कॅनडाच्या आर्क्टिकमधल्या हॉटन विवरातल्या, २.१ ते २.४ कोटी वर्षं जुन्या गेंड्याच्या दाताचा क्रम प्रसिद्ध झाला. एवढ्या मागचा डीएनए मिळण्याची आशा आज कुणी धरत नाही.

आता काय कापायचं ते ठरवू.

हाड असेल तर कोलॅजेन. भरपूर असतं, काढायला सोपं, आणि त्याच्या साखळीत दर तिसऱ्या जागी ग्लायसिन हे अमिनो आम्ल येतं, त्यामुळे वाचताना पाय ठेवायला पायऱ्या मिळतात. तोटा एकच: कोलॅजेन फार सावकाश बदलतं. त्याच्या तुकड्यांच्या नुसत्या वजनांवरून तर घोडा आणि गाढव, किंवा गाय आणि बायसन वेगळे करता येत नाहीत. वंशवृक्षाच्या मोठ्या फांद्यांसाठी ते उत्तम, डहाळ्यांसाठी नाही.

दहा लाख वर्षांच्या मागे जायचं असेल तर इनॅमल. त्यात प्रथिन अगदी नावापुरतं उरलेलं असतं, पण खनिजात असं चिणलेलं की बाहेरच्या पाण्याला आणि जंतूंना तिथवर पोचता येत नाही. ॲमेलोजेनिन, इनॅमेलिन, ॲमेलोब्लास्टिन अशी मोजकीच प्रथिनं. पण ती कोलॅजेनपेक्षा वेगाने बदलतात. वर एक फायदा असा की ॲमेलोजेनिनची एक प्रत एक्स गुणसूत्रावर असते आणि एक वाय गुणसूत्रावर. वायवालीचे तुकडे सापडले तर प्राणी नर. सापडले नाहीत तर मात्र ‘मादी’ असं झटकन लिहू नका. कदाचित तेवढं प्रथिनच उरलेलं नसेल.

नमुना हातात आला की त्याची जन्मकुंडली मागा: कधी खणला, कशाने धुतला, कुणी काय लावलं. माझ्या दुसऱ्या वर्षी एका जुन्या संग्रहातून नामशेष घोड्याचं पायाचं हाड आलं होतं. निकाल आला तो गायीचा. प्रथिन तोडणाऱ्या ट्रिप्सिनची बाटली बदलली, नळ्या बदलल्या, दुसऱ्या टोकाकडून चुरा घेतला, तरी गायच. तीन आठवड्यांनी मी ते हाड भिंगाखाली धरलं, तर एका भेगेत मधासारखा पिवळा, काचेसारखा चकाकणारा पापुद्रा. सरस! तडकलेली हाडं पूर्वी सरसाने सांधत, आणि सरस म्हणजे उकळलेली हाडं-कातडी, म्हणजे कोलॅजेनच. आम्ही तीन आठवडे कुणाच्या तरी सरसाच्या भांड्यातली गाय वाचत होतो. तेव्हापासून भिंग आधी, ड्रिल नंतर.

कापण्याचं काम वेगळ्या खोलीत करा, जिथे आजच्या प्राण्यांचा नमुना कधी आलेला नाही. नायट्राइलचे हातमोजे, दोन जोड; लेटेक्स नको, त्यात स्वतःचीच प्रथिनं असतात. मास्क, टोपी, आणि कृपा करून लोकरीचा स्वेटर नको. लोकर म्हणजे मेंढीचं केराटिन, केसांतलं प्रथिन. ते तुमच्या यादीत आलं की काढून टाकता येतं, हे खरं. पण तुकड्यांची वजनं करणाऱ्या यंत्राचा जो वेळ तुमच्या दाढेसाठी होता तो मेंढीने खाल्लेला असतो.

हाडासाठी १० ते ३० मिलिग्रॅम पुरतात. इनॅमल शक्य तेवढं कमी घ्या, पण जुन्या नमुन्याला शंभर-दोनशे मिलिग्रॅमही लागू शकतात. ड्रिलचा वेग कमी ठेवा आणि थांबत थांबत कापा. केस जळल्यासारखा वास आला म्हणजे हाड किंवा इनॅमलखालचं डेंटिन तापलंय, आणि तुम्ही जे वाचायला आलात तेच जाळताय. इनॅमल आणि त्याखालचं डेंटिन हाताला वेगळे कळतात: इनॅमलवर पातं घसरतं, किंचाळतं, डेंटिनमध्ये ते गप्प होऊन आत शिरतं. आवाज बदलला की थांबायचं. डेंटिन खरवडून बाजूला ठेवा, फेकू नका. त्यातलं कोलॅजेन शाबूत असेल तर तो एक वेगळा पुरावा.

रसायनाचा भाग ऐकायला भीतीदायक, करायला सोपा आहे. हाडाचा चुरा ०.६ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात थंड ठेवायचा, खनिज विरघळतं आणि मऊ कोलॅजेन उरतं. आम्ल काढून, धुऊन, अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात ६५ अंश सेल्सिअसला तासभर ठेवायचं. कोलॅजेनचा पीळ सुटून ते जिलेटिनसारखं पाण्यात उतरतं. मग ट्रिप्सिन घालून ३७ अंशांना रात्रभर. ट्रिप्सिन साखळी कुठेही तोडत नाही. लायसिन किंवा आर्जिनिन आलं की त्याच्या पुढेच तोडतं. म्हणून तुकडे ओळखीचे निघतात.

इनॅमलला ट्रिप्सिन लागत नाही. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा गंमत वाटली होती. दात घडत असतानाच त्या प्राण्याच्या शरीरातली विकरं इनॅमलमधली प्रथिनं कातरून बाहेर काढतात, म्हणजे खनिजाला जागा मिळते. उरतात ते आधीच तुटलेले बारके तुकडे, आणि पुढच्या लाखो वर्षांत ते आणखी तुटतात. पृष्ठभाग धुवा, आम्लाचा पहिला हात दोन मिनिटं लावून तो फेका, कारण बाहेरची घाण त्यातच असते. मग उरलेलं इनॅमल ट्रायफ्लुओरोॲसिटिक आम्लात, साधारण १० टक्के तीव्रतेच्या, पूर्ण विरघळू द्या. हे आम्ल कातडी जाळतं, फ्यूम हुडशिवाय बाटली उघडू नका.

दोन्हीकडे शेवटी सी-१८च्या छोट्या गाळणीतून मीठ-खनिज धुऊन काढायचं आणि पेप्टाइड, म्हणजे प्रथिनांचे तुकडे, वाळवून ठेवायची.

आणि ब्लँक. प्रत्येक गटाबरोबर एक नळी अशी, जिच्यात नमुना सोडून बाकी सगळं आहे. यंत्रात ती नमुन्याच्या आधी घाला. ब्लँक ‘रिकामा’ निघाला तर आनंद. त्यात तुमच्या प्राण्याचे तुकडे दिसले तर पूर्ण गट बाद. रडू आलं तरी बाद.

इथे एक आडवाट. प्रश्न फक्त ‘हा कोण’ इतकाच असेल, तर क्रम वाचायच्या भानगडीत न पडता कोलॅजेनच्या तुकड्यांची नुसती वजनं घेतात. त्याला झूम्स म्हणतात आणि ही खरोखर शितावरून भाताची परीक्षा आहे. मेंढीचा एक खास तुकडा ३०३३ वर उमटतो, बकरीचा ३०९३ वर; हाडाच्या आकारावरून जे सांगताना भले भले चाचरतात ते एका आलेखात दिसतं. सायबेरियातल्या डेनिसोवा गुहेतल्या दोन हजारांवर ओळख न पटणाऱ्या हाडांच्या तुकड्यांतून मानवी वंशाचा एक अडीच सेंटिमीटरचा तुकडा असाच निवडला गेला. त्याच्या डीएनएवरून पुढे कळलं की त्या मुलीची आई निअँडरथल होती आणि बाप डेनिसोवन, म्हणजे दोघं दोन वेगळ्या नामशेष मानवगटांतले. आर्क्टिकमधल्या एल्समिअर बेटावर सुमारे ३५ लाख वर्षांपूर्वी महाकाय उंट राहत होता, हेही नडगीच्या हाडाच्या चुऱ्यातून अशाच वजनांनी पक्कं झालं. बर्फात उंट! आकारावरून असं म्हणायचं धाडस कुणी केलं असतं की नाही, मला शंका आहे.

आता मुख्य काम, आणि सगळ्या चुका इथेच होतात.

मास स्पेक्ट्रोमीटर हा वजनकाटा आहे. तो पेप्टाइडचं वजन करतो, मग ते फोडतो आणि तुकड्यांची वजनं करतो. लागोपाठच्या दोन तुकड्यांच्या वजनातला फरक म्हणजे एक अमिनो आम्ल. फरक ७१.०४ आला, ॲलानिन. ८७.०३ आला, सेरिन. अक्षर यंत्राला दिसत नाही; ते आपण वजनावरून बसवतो. आणि एकाच वजनावर हक्क सांगणारे बऱ्याचदा दोघं असतात.

ल्युसिन आणि आयसोल्युसिन यांचं वजन तंतोतंत एक. त्यांच्यात निवड करायला जाऊ नका, झाड काढताना दोन्हींना एकच अक्षर द्या. ॲस्पॅराजिन म्हातारं होताना त्याचं वजन ०.९८४ ने वाढतं आणि ते ॲस्पार्टिक आम्ल होतं, ग्लुटामिनचंही तसंच. म्हणजे तिथे ‘ड’ (ॲस्पार्टिक आम्लाचं अक्षर) दिसला, तर तो प्राण्याच्या जनुकात होता की मातीत पडून झाला, हे वजन सांगत नाही. अशी जागा एकटीने दोन प्राण्यांना वेगळं करत असेल तर तिच्यावर काही बांधू नका.

सगळ्यात कावेबाज जोडी मात्र कोलॅजेनमधली. माझं पहिलं झाड तिनेच पाडलं, म्हणून सावकाश सांगते.

कोलॅजेनमधल्या पुष्कळशा प्रोलिनवर शरीर एक ऑक्सिजन चढवतं. त्याने वजन १५.९९५ ने वाढतं. आता ॲलानिन आणि सेरिनमध्ये फरक किती? १५.९९५. तोही एका ऑक्सिजनचाच. म्हणून ‘ग्लायसिन-ॲलानिन-ऑक्सिजन चढलेलं प्रोलिन’ आणि ‘ग्लायसिन-सेरिन-साधं प्रोलिन’ या दोन्ही तिकड्यांचं वजन २४१.१०६. दशांशाच्या पाचव्या जागेपर्यंत सारखं. सॉफ्टवेअरसमोर दोन्ही पर्याय आले की ते एकाला गुण देतं आणि पुढे जातं.

मला एका नामशेष प्राण्यात असं सेरिन मिळालं होतं. जगातल्या कुठल्याच जिवंत नातेवाइकात त्या जागी सेरिन नाही. मी हरखून गेले, झाड काढलं, नवी फांदी रंगवली. मॅडमनी कागद पाहिला आणि एवढंच विचारलं, “ॲलानिन आणि प्रोलिनच्या मधे तुटलेला तुकडा दाखव बरं.” मी आलेख उघडला. आधीच्या तुकड्याचं शिखर होतं. नंतरच्या तुकड्याचं होतं. त्यांच्यामधला फरक १८४.०८, म्हणजे दोन अक्षरं मिळून. मधलं शिखर, जे ७१ वर असायला हवं की ८७ वर हे सांगणार होतं, ते नव्हतंच. सॉफ्टवेअरने नाणं उडवलं होतं आणि त्या नाण्यावर मी वंश उभा केला होता. सुतावरून स्वर्ग म्हणतात तो हाच. त्याच पेप्टाइडचा दुसरा, चांगला आलेख शोधला तर मधलं शिखर ७१ वर स्वच्छ उभं होतं: ॲलानिन, नंतर ११३.०५, म्हणजे ऑक्सिजन चढलेलं प्रोलिन. नवी फांदी गेली.

म्हणून महत्त्वाच्या प्रत्येक जागेसाठी आलेख स्वतः, डोळ्यांनी बघा. त्या अक्षराच्या दोन्ही बाजूंना साखळी तुटलेली दिसली पाहिजे. तेच अक्षर किमान दोन वेगवेगळ्या पेप्टाइडमध्ये मिळालं पाहिजे. आणि तो ११३.०५ नीट वाचा, ल्युसिन ११३.०८ वर असतं. काटा इतका बारीक नसेल तर तिथे भांडू नका, जागा कोरी सोडा. कोरी जागा ही चूक नसते.

माहितीकोशाची बाजूही सांभाळायची. मॅक्सक्वांट, पीक्स, मॅस्कॉट, कुठलंही सॉफ्टवेअर वापरा. ती आलेख जुळवतात ते तुम्ही दिलेल्या क्रमांशी. यादीत फक्त घोडा दिलात तर तुमचा प्राणी घोड्यासारखाच दिसेल, कारण जिथे तो वेगळा आहे तिथले तुकडे जुळणारच नाहीत आणि गुपचूप गळतील. शक्य तितके नातेवाईक द्या, पूर्वज कसा असेल त्याचे अंदाजित क्रम द्या, आणि क्रम गृहीत न धरता आलेखावरूनच वाचणारी पद्धतही चालवा. माणूस, गाय, मेंढी, डुक्कर आणि त्यांची केराटिनं यादीत असलीच पाहिजेत, म्हणजे घाणीला तिचं स्वतःचं नाव मिळेल. जिवंत प्राण्यांचे कोशातले क्रमही डोळे मिटून घेऊ नका. जीनोमवरून यंत्राने अंदाजलेल्या कोलॅजेनमध्ये मधलाच तुकडा गायब असतो, कधी भलताच घुसलेला असतो.

प्रथिन खरोखर जुनं आहे का? नमुन्यातलं ॲस्पॅराजिन-ग्लुटामिन म्हातारं झालेलं आणि बाहेरून आलेल्या केराटिनमधलं ताजं, असं दिसलं तर बरं लक्षण. इनॅमलचे तुकडे आखूड असणं हेही. २००७ मध्ये टी. रेक्स डायनोसॉरच्या कोलॅजेनचा गाजावाजा झाला होता. दहा वर्षांनी ते तुकडे पुन्हा तपासले तेव्हा त्यांचं आजच्या शहामृगाशी जुळणं बघून बाहेरून भेसळ झाल्याची शंका बळावली. पुरावा किती जुना, यापेक्षा किती स्वच्छ, हे आधी विचारा.

मग झाड. क्रम एकाखाली एक लावा, न मिळालेल्या जागी प्रश्नचिन्ह ठेवा, प्रथिनं जोडून एक ओळ करा आणि फायएमएल आणि मिस्टरबेज अशा दोन वेगळ्या पद्धतींनी झाड काढा. दोघांचं जमलं नाही, तर जिथे जमत नाही ती फांदी उघडी ठेवा.

त्यानंतरची एक परीक्षा फार कमी जण करतात, मला मात्र तिच्याशिवाय झोप लागत नाही. ज्याची जागा पक्की माहीत आहे असा एक जिवंत प्राणी घ्या, समजा सुमात्रन गेंडा. त्याच्या क्रमातून नेमक्या त्याच जागा ठेवा ज्या तुमच्या जीवाश्मात मिळाल्या, बाकी पुसा. आता हा अर्धामुर्धा गेंडा झाडात स्वतःच्या घरी परततो का बघा. नाही परतला तर तुमच्या जीवाश्माचा पत्ताही विश्वासाचा नाही, आलेख कितीही देखणे असोत. हॉटनच्या गेंड्याची सगळी मिळून अडीचशेच्या आसपास अमिनो आम्लं हाती आली होती; इतक्या कमी अक्षरांवर बोलायचं तर ही तपासणी हवीच.

प्रथिनांचं झाड हाडांच्या झाडाशी भांडलं तर लगेच जिंकल्यासारखं करू नका. झाडाला लटकणाऱ्या संथ स्लॉथचं उदाहरण बघा. २०१९ मध्ये नामशेष स्लॉथच्या कोलॅजेनने शरीररचनेवर बेतलेली जुनी मांडणी उलटी केली: आजचा दोन बोटांचा स्लॉथ मायलोडॉनच्या बाजूला गेला आणि तीन बोटांचा मेगाथेरियमच्या (हे दोन्ही जमिनीवरचे नामशेष स्लॉथ). कोलॅजेन एकटं असतं तर मीही भुवया उंचावल्या असत्या. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने मायटोकाँड्रियाच्या डीएनएवरून तेच झाड काढलं, म्हणून गोष्ट टिकली.

मूळ आलेख, फक्त निकाल नव्हे, प्राइडसारख्या खुल्या कोशात टाका. ब्लँकचेही. उरलेला चुरा आणि इनॅमल वाळवून, थंड ठेवा. पाच वर्षांनी यंत्रं आणखी बारीक मोजतील. दाढ परत करताना डबीत एक चिठ्ठी घाला: कुठल्या बाजूने, किती मिलिग्रॅम, कुठल्या तारखेला कापलं, आणि काय मिळालं. काहीच मिळालं नसेल तर तेही लिहा, मोठ्या अक्षरात. मला एकदा अशी चिठ्ठी नसलेली दाढ आली होती. कापून झाल्यावर भिंगाखाली जवळच दुसऱ्या कुणाच्या ड्रिलची जुनी खाच दिसली.